नववीतल्या मुलाचा कॉम्प्युटर: अभ्यासाचा घ्यावा की गेमचा?

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ताईंचा मुलगा नववीत आहे. ताई घरी शिवणकाम करतात, यजमान साखर कारखान्यात वायरमन आहेत. भिशीचा नंबर लागून ५० हजार रुपये हाती आलेत आणि सुट्टीत मुलाला कॉम्प्युटर घ्यायचा आहे. मुलाने व्हिडिओ बघून केलेली यादी ८० हजारांवर जाते. गावातल्या दुकानदाराने २६ हजारांत 'आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, लाइटवाली केबिनेट' असं कोटेशन दिलंय, मॉनिटर वेगळा. यजमानांचं म्हणणं असं, की पुढच्या वर्षी दहावी आहे, गेम चालणारच नाही असा साधा घ्या, नाहीतर सरळ लॅपटॉप घ्या. ताई विचारतात, "अभ्यासाचा घेऊ की गेमचा? मला यातलं काही कळत नाही. भिशीचे पैसे पाण्यात जायला नकोत."

ताई,

आधी तुमच्या 'मला यातलं काही कळत नाही' या वाक्याबद्दल बोलते. ब्लाउजपीस हातात घेऊन, चुरगाळून, उजेडात धरून बघितल्याशिवाय तुम्ही घेत नसाल. रंग जाईल का, आटेल का, अस्तर कुठलं लावावं, हे तुम्हाला दुकानदाराने सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरच्या दुकानातले शब्द तुम्हाला नवे आहेत, प्रश्न मात्र तेच आहेत: माल कुठल्या सालचा, कोणी बनवलेला, बिघडला तर कोण बघणार, आणि पक्कं बिल मिळणार का. मी बरीच वर्षं शाळेत संगणक शिकवला, लॅबची खरेदीही सांभाळली. त्या अनुभवावरून सांगते, फसतात ते कळत नाही म्हणणारे नव्हे, विचारायला लाजणारे.

आता ते २६ हजारांचं कोटेशन. तुम्ही त्याचा फोटो पाठवला हे फार बरं केलंत. प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, ओळीत 'कोअर आय-सेव्हन' एवढंच लिहिलंय, पुढचा आकडा नाही. सगळी मेख तिथेच आहे. आय-सेव्हन हे एका प्रोसेसरचं नाव नाही, ते घराणं आहे. इंटेलने ते नाव २००८ पासून पुढे अनेक वर्षं वापरलं. २०११ चा २६०० हाही आय-सेव्हन, २०१२ चा ३७७० हाही आय-सेव्हन, आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेले कितीतरी जास्त ताकदीचे तेही आय-सेव्हनच. कोटेशनमध्ये मदरबोर्डासमोर, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या बोर्डासमोर, 'एच६१' लिहिलंय. हा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर घेतो, म्हणजे तुम्हाला दाखवलेला आय-सेव्हन साधारण तुमच्या मुलाच्या वयाचा आहे. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला प्रोसेसर, त्याला बिननावाचा नवा बोर्ड आणि चकचकीत केबिनेट. २०२२ सालचा साधा आय-थ्री १२१०० त्या आय-सेव्हनला गेममध्येही मागे टाकतो आणि कामातही.

तीच गोष्ट '४ जीबी ग्राफिक्स कार्ड'ची, म्हणजे गेमचं चित्र पडद्यावर आणणाऱ्या भागाची. समोर 'जीटी ७३०' लिहिलंय. हे कार्ड २०१४ चं आहे. ४ जीबी हा त्याच्या मेमरीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली आणि खाली अर्ध्या इंचाचा पाइप आणला, तर बादली भरायला लागायचा तेवढा वेळ लागणारच. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे घरी आल्या दिवसापासून ते यंत्र मागे पडलेलं असेल. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. दुकानदार तुम्हाला फसवायलाच बसलाय असं मी म्हणत नाही. 'आय-सेव्हन आहे का?' असं विचारत येणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे रोज येतात, तो त्यांना हवं ते देतो. आपण वेगळा प्रश्न विचारायचा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. अभ्यासाचा की गेमचा, ही वाटणी मुळात कुठून आली? नववी-दहावीच्या अभ्यासाला कॉम्प्युटरकडून फारसं काही लागत नाही. व्हिडिओ बघणं, पीडीएफ वाचणं, प्रकल्प टाइप करणं, प्रेझेंटेशन. पुढे अकरावी-बारावीला राज्य मंडळाचा माहिती तंत्रज्ञान विषय घेतला तर वेब डिझाइन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, तेही हलकंच काम. सीबीएसईची मुलं पायथन शिकतात, त्यालाही मोठं यंत्र लागत नाही. खरं सांगायचं तर जास्तीची ताकद लागते ती गेमलाच. ते मान्य करून टाकलेलं बरं. मुलाला 'हा अभ्यासासाठी आहे' असं सांगून घेतला, तर पहिल्या दिवसापासून त्याला गेम लपवून खेळावा लागतो आणि तुम्हाला पाळत ठेवावी लागते. 'हा अभ्यासालाही आहे आणि तुझ्या खेळालाही आहे' असं म्हणून घेतला, तर खेळाच्या वेळेबद्दल उघड बोलता येतं.

यजमानांची काळजी मला कळते. दहावीचं वर्ष आहे. पण यंत्र कमकुवत घेतलं म्हणून खेळ थांबत नाही, तो फक्त घराबाहेर जातो किंवा मोबाइलवर जातो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांनी मुद्दाम साधा कॉम्प्युटर घेतला होता. शाळा सुटली की तो दोन तास गेमिंग कॅफेत असायचा, घरी सांगायचा, 'क्लासला जातो.' आईला कळलं ते क्लासच्या सरांचा फोन आला तेव्हा. अभ्यास त्या मुलाचा मागे पडलाच, पण आईला जास्त लागलं ते सहा महिने ऐकलेलं खोटं.

लॅपटॉपचं थोडक्यात सांगते. मुलगा हॉस्टेलला जाणार असेल किंवा घरी टेबलाला जागाच नसेल तर लॅपटॉप घ्यावा. ५० हजारांच्या लॅपटॉपमध्ये गेमची ताकद याच पैशातल्या डेस्कटॉपपेक्षा सहसा कमी मिळते, आणि तीन वर्षांनी ती वाढवता येत नाही. डेस्कटॉपचा एक भाग गेला तर तेवढाच बदलतो. तुमचा मुलगा अजून तीन वर्षं घरीच आहे. डेस्कटॉपच घ्या.

आता चिरंजीवांची ८० हजारांची यादी. ती मी ओळ न ओळ वाचली. पोराने मनापासून केली आहे. मदरबोर्डावर कुठला प्रोसेसर बसतो हे त्याने नीट जुळवलंय, नववीच्या मुलाच्या मानाने ही लहान गोष्ट नाही. त्याला तसं सांगा. पण ती यादी दुसऱ्याच्याच खेळासाठीची आहे. व्हिडिओतला माणूस ज्या गेमसाठी महागडं कार्ड सुचवतो ते गेम तुमचा मुलगा खेळतच नाही. तुम्हीच लिहिलंय की तो मित्राकडे व्हॅलोरंट खेळतो, माइनक्राफ्ट त्याला आवडतं आणि जीटीए ५ हवं आहे. यातलं व्हॅलोरंट मुद्दाम साध्या कॉम्प्युटरवर चालावं असंच बनवलेलं आहे, आणि जीटीए ५ पीसीवर आलं ते २०१५ मध्ये. जाता जाता, जीटीए हा प्रौढांसाठीचा गेम आहे, युरोपात त्यावर १८ वर्षांची खूण आहे. तो द्यायचा की नाही हा कॉम्प्युटरच्या ताकदीचा प्रश्न नाही, तुम्हा दोघांचा आहे. तो आधी सोडवा.

तर माझा सल्ला असा, की सगळं एकदम घेऊ नका. दोन टप्प्यांत घ्या. पहिल्या टप्प्यात ग्राफिक्स कार्ड नकोच. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. २०२१ चा आहे, सहा कोअरचा. नावातलं शेवटचं 'जी' महत्त्वाचं: त्याच्या अंगातच कामापुरतं चांगलं ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर छान पळतं, माइनक्राफ्ट चालतं, जीटीए ५ ची जुनी आवृत्ती मध्यम सेटिंगवर खेळण्याजोगी चालते. नुसता '५६००' घेतला तर कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. इंटेलच्या 'एफ' लागलेल्या प्रोसेसरचंही तेच. हा घोळ मी इतक्या घरांत बघितलाय, की बिल करताना ते एक अक्षर बोट ठेवून वाचा असंच सांगेन.

एक बाजू तुमच्यापासून लपवत नाही. ५६००जी ज्या एएम४ सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेवर) बसतो तो जुना झाला, एएमडीचे नवे प्रोसेसर २०२२ पासून एएम५ वर येतात. पण एएम५ घेतलं की नव्या पिढीची डीडीआर५ रॅम घ्यावी लागते, आणि तुमच्या बजेटमध्ये ते मॉनिटरसकट बसवायचं तर कशात तरी फार खालचा माल घ्यावा लागेल. बारावीपर्यंतच्या कामाला एएम४ पुरेल असं माझं मत आहे.

रॅमबद्दल (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) जरा सविस्तर लिहिते, कारण इथे पैसे नाही तर समज लागते. १६ जीबी घ्या, पण एक पट्टी १६ ची नको, दोन पट्ट्या ८-८ च्या घ्या. प्रोसेसरच्या अंगातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते हीच रॅम वापरतं. दोन पट्ट्या असल्या की दोन्ही वाटांनी माल येतो, एक असली की एकाच वाटेने. त्याच प्रोसेसरवर, त्याच गेममध्ये, फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. दुसरं, ३२०० वेगाची रॅम बसवली तरी बोर्ड ती आपण होऊन बहुतेक वेळा कमी वेगानेच चालवतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन 'एक्सएमपी' किंवा 'डीओसीपी' चालू करावं लागतं. दुकानात जुळणी झाली की हे करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मी लॅबमध्ये वर्षभर कमी वेगाने चाललेली यंत्रं पाहिली आहेत, कारण ते कोणी केलंच नव्हतं.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढलेत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला, आणि घरगुती गिऱ्हाइकाला त्याची झळ बसली. फाइली साठवणारी एसएसडीही त्यामुळे महागली. म्हणून मी पै-पैचा आकडा देत नाही, वाटे सांगते. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून सतरा-अठरा हजार. मॉनिटर २२ ते २४ इंची, फुल एचडी, आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा पडदा), सात-आठ हजार. एसएमपीएस (वीज वाटणारा डबा) तीन-साडेतीन हजार. केबिनेट अडीच हजारांपर्यंत, समोर काच नको, जाळी हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काचेमागे पंखे कितीही रंगीत फिरले तरी वारा आत येत नाही. उरतात अठरा ते वीस हजार, त्यात रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान) एसएसडी, कीबोर्ड-माउस आणि यूपीएस. रॅमने जास्त खाल्लं तर यूपीएस दोन महिने थांबू शकेल, मॉनिटरच्या जागी काही दिवस घरातला टीव्ही चालेल. ३२ इंची साध्या टीव्हीवर अक्षरं फुटकी दिसतात, त्यावर वर्षभर अभ्यास करू नये, पण एक-दोन महिने निघतात. एका गोष्टीत मात्र हात आखडता घेऊ नका, ती म्हणजे एसएमपीएस.

एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन सगळ्या भागांना वाटणारा डबा. दिसत नाही, म्हणून त्यावरच पैसे वाचवले जातात. ब्लाउजच्या अस्तराचं जे, तेच इथे. केबिनेटबरोबर 'फ्री' मिळणारा असा एक डबा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलंय. हातात घेतला तर मिठाईच्या रिकाम्या खोक्यासारखा हलका. बाजूच्या पट्टीवर बारीक अक्षरात १२ व्होल्टखाली १६ अँपिअर. ही पट्टी यजमानांना दाखवली तर ते उभ्या उभ्या सांगतील: बाराला सोळाने गुणलं की १९२. कॉम्प्युटरचं खरं काम चालतं ते १२ व्होल्टवर, म्हणजे ४५० च्या नावाखाली हा डबा दोनशे वॉटही देत नाही. चांगल्या ४५०-५५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे पस्तीस किंवा त्याहून जास्त अँपिअर दिसतात. '८० प्लस ब्राँझ' ही खूण असावी, पण ती वीज किती वाया जाते एवढंच सांगते. अँपिअर वाचायचे ते वाचायचेच, आणि वॉरंटी पाच वर्षांची बघायची.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या लॅबला एकदा एका पुरवठादाराने असे फुकटचे डबे लावलेली बारा यंत्रं दिली. जूनमध्ये पहिल्या वादळात वीज गेली, आली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी दोन यंत्रं उठलीच नाहीत. डब्याबरोबर दोन्ही बोर्ड गेले होते, आणि एकावर मुलांचे प्रदर्शनाचे प्रकल्प होते. त्या मुलांचे चेहरे आठवले की आजही वाटतं, तेव्हा मला ती पट्टी वाचता यायला हवी होती.

गावात वीज सारखी जाते असं तुम्ही लिहिलंय. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुधा 'यूपीएस मोड'चं बटण असतं, ते त्या बाजूला करा. नाहीतर वीज गेली की इन्व्हर्टर चालू होईपर्यंत कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. वेगळा यूपीएस घेतलात तर ६०० व्हीएचा आत्ता पुरेल, पुढे कार्ड बसवणार म्हणून जमलं तर १००० व्हीएचा घ्या. यूपीएस खेळत राहण्यासाठी नसतो. फाइल सेव्ह करून यंत्र नीट बंद करायला दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यासाठी असतो.

विंडोजचं बोलायलाच हवं. बरेच दुकानदार 'टाकून देतो' म्हणतात आणि 'अॅक्टिव्हेटर' वापरून चोरीचं विंडोज टाकतात. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि आत काय शिरलं हे कोणालाच माहीत नसतं. त्याच कॉम्प्युटरवरून तुम्ही उद्या वीजबिल भरणार, बँकेचा पासवर्ड टाकणार. परवान्याचे पैसे हिशोबात धरा. आत्ता बसत नसतील तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच विंडोज उतरवून घ्या आणि परवाना पुढच्या महिन्याच्या यादीत सगळ्यात वर लिहा. फुकटचं आणि कायदेशीर हवं तर विंडोजच्या जागी चालणारं उबुंटू आहे, अभ्यासाला उत्तम, पण व्हॅलोरंट त्यावर चालत नाही, हे मुलाला आधी सांगा. लिहिण्यासाठी लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि मराठी युनिकोड टायपिंग त्यात व्यवस्थित होतं. आणि हो, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू लागतात. दुकानदाराला 'विंडोज यूईएफआय मोडमध्ये टाका' असं सांगून ठेवा, नाहीतर घरी आल्यावर गेम उघडणार नाही आणि दोष कॉम्प्युटरला लागेल.

खरेदी कुठे करावी? पुणे-कोल्हापूरच्या दोन दुकानांत आणि तुमच्या त्याच गावातल्या दुकानात एकच यादी द्या. प्रत्येक भागाची कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. मुंबईत कोणी नातेवाईक असतील तर लॅमिंग्टन रोडचा भावही विचारून घ्या, नुसता अंदाज यायला. गावातला दुकानदार हजार-पंधराशेने महाग पडला तरी, त्याने नेमके तेच भाग दिले आणि वॉरंटीचं काम स्वतः करून देण्याचं कबूल केलं, तर मी त्याच्याकडूनच घेईन. एक रॅम बदलायला पुण्याची एसटी पकडायची म्हणजे दिवस जातो. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि खोकी वर्षभर माळ्यावर ठेवा.

जुळणी मात्र मुलासमोर होऊ द्या, जमलं तर त्याच्या हातून. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर असतो. दोन्ही एकावर एक आले की प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसतो, दाबायचा नसतो. दाबावा लागतोय म्हणजे चुकतंय. रॅमला उलट नेटाने दाब लागतो, 'टक' असा आवाज येईपर्यंत. चौदा वर्षांच्या मुलाने ते एकदा स्वतः केलं की त्या यंत्राकडे बघण्याची त्याची नजर बदलते. माझ्या लॅबमध्ये ज्या मुलांनी हे केलं ती पुढे धूळ साफ करायला स्वतःहून यायची.

याआधी एक काम करा. एका संध्याकाळी त्याला वही घेऊन बसवा आणि ५० हजारांत यादी बसवायला सांगा, मॉनिटर, यूपीएस आणि परवान्यासकट. कशात कमी केलं आणि का, हे त्याने तुम्हाला समजावून सांगायचं. तुम्हाला भिशीचे पैसे जमायला किती महिने लागले तेही त्याला सांगा. रागावून नको, नुसतं सांगा.

वेळेचा नियम मिनिटांत करू नका. व्हॅलोरंटची एक मॅच अर्धा ते पाऊण तास चालते, आणि मध्येच उठलं तर चार साथीदारांचा खेळ मोडतो, गेमही त्याला शिक्षा करतो. 'सात वाजले, बंद कर' यावरून होणारी निम्मी भांडणं अर्धवट मॅचची असतात. म्हणून मॅच मोजा: शाळेच्या दिवशी एक, सुट्टीच्या दिवशी दोन-तीन, परीक्षेच्या महिन्यात काय ते त्यानेच आधी लिहून द्यावं. टेबल बाहेरच्या खोलीत असू द्या. पाळतीसाठी नव्हे, अनोळखी लोकांशी हेडफोनवर बोलणं चालतं तेव्हा घरातलं माणूस आसपास असावं म्हणून. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीने वेळेची मर्यादा घालता येते, पण बोलून ठरलेलं टिकत असेल तर त्याची गरज पडत नाही.

दुसरा टप्पा दिवाळीत किंवा दहावीनंतर. तेव्हाही त्याला हवं असेल, तर एक ग्राफिक्स कार्ड. ८ जीबीचं आरएक्स ६६०० किंवा त्या ताकदीचं चालेल. ते सुमारे १३० वॉट घेतं, आणि चांगला एसएमपीएस आधीच घेतलेला असल्याने बाकी काही बदलावं लागणार नाही. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, ते टाळा. त्याची जोडणी अरुंद आहे आणि ५६००जी वर ती आणखी मंद पडते. जुनं कार्ड घ्यायचं तर दुकानात अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या आभासी चलनाच्या 'खाणकामात' (चलन मिळवण्यासाठी कॉम्प्युटरवर करायच्या आकडेमोडीत) रात्रंदिवस राबलेली कार्डं अजून बाजारात फिरतात. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर बोर्डावरून काढून कार्डाला लावायची. 'नवं कार्ड चालत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची वायर बऱ्याचदा जुन्याच जागी असते.

ज्यांचं बजेट २५ हजारांच्या आत आहे अशा वाचकांसाठी: जुनाच घ्यायचा तर चांगल्या कंपनीचा ऑफिसातून निघालेला, आठव्या पिढीचा किंवा पुढचा आय-फाइव्ह, एसएसडी लावून, दुकानाच्या लेखी वॉरंटीसह घ्या. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालतं. पुढे बाहेरची वायर न लागणारं ७५ वॉटच्या आतलं कार्ड त्यात बसू शकतं. फक्त केबिनेटची उंची मोजून घ्या, बुटक्या केबिनेटला बुटकंच कार्ड लागतं. त्यांचा एसएमपीएस आणि बोर्ड बऱ्याचदा कंपनीच्या खास मापाचे असतात, बाजारातले बसत नाहीत, एवढी मर्यादा धरून चाला.

ताई, शेवटचं काम यजमानांना सांगा, आणि ते कॉम्प्युटर घरी यायच्या आधी. जिथे टेबल ठेवणार तिथल्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्यायचं. केबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखा शॉक लागतो अशी पत्रं मला बरीच येतात, आणि बहुतेक वेळा अर्थिंगच लागलेलं नसतं. टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला, दुसरी अर्थच्या भोकाला लावली, तर दिवा पूर्ण पेटला पाहिजे. हे त्यांना मी सांगायला नकोच, कारखान्यात ते रोज करत असतील. त्या दिवशी मुलाला शेजारी उभं करून दाखवायला सांगा. एसएमपीएसच्या पट्टीवरचे अँपिअरही त्यांनीच त्याला वाचून दाखवावेत.